दरवाजाच्या पोटातलं नाव

साताऱ्याहून निघालो तेव्हा गाडीच गाडीवर बसली होती. खाली बाळूचा टेम्पो आणि त्याच्या हौद्यात, चारी चाकांना दोर आवळून, वर ताडपत्री घालून बांधलेली एक हिरवी, दोन माणसांची इंग्रजी स्पोर्ट्स कार. वय पन्नासच्या पुढे. बॉनेटवर चामड्याचा पट्टा, दारं गुडघ्याला लागतील एवढी बुटकी, आणि त्यातलं डावं दार लोंबतं. शेंद्र्याला चहाला थांबलो, तर टपरीवरच्या एका फेटेवाल्या म्हाताऱ्यानं सरळ ताडपत्रीखाली डोकं घातलं.

"आवं, येवढी देखणी गाडी आनि टेम्पोवर? चालत न्हाई व्हय?"

"चालती," काका म्हणाले. "चालवायची परवानगी न्हाई."

"मग घेतली कशापायी?"

काकांनी कपातला शेवटचा घोट घेतला आणि कप उपडा ठेवला.

हाच प्रश्न मी त्यांना वर्षभरापूर्वी विचारला होता, आणि याहून उद्धटपणे. सांगून टाकते: मी पत्रकं काढणारी मुलगी आहे. एसटी स्टँडवर बायकांसाठी धड मुतारी का नाही, रस्ता रुंद करताना वड कुणाच्या सहीनं तोडले, असल्या विषयांवरची माझी पत्रकं तुम्ही वाचली असतील. निदान त्यात बांधून दिलेलं भडंग तरी खाल्लं असेल. अशा मुलीच्या थोरल्या काकांनी परदेशातून हौसेची गाडी आणावी, ही मला शरमेची गोष्ट वाटली होती. तसं तोंडावर म्हणालेसुद्धा.

काका सैन्याच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, सुभेदार होऊन निवृत्त झाले. तरुणपणी एका साहेबाची अशीच गाडी त्यांच्या हवाली होती. पाच वर्षं तिचं तेल बदललं, कार्ब्युरेटर उघडून साफ केले, चाकांच्या तारा एकेक करून पुसल्या. पण चालकाच्या जागेवर बसायचं नाही, हा साहेबाचा हुकूम. इंजिन सुरू करून बघायचं तेही बाहेर उभं राहून, दारातून हात आत घालून. सत्तरी उलटल्यावर काकांनी इंग्लंडमधल्या एका निवृत्त शाळामास्तरांशी वर्षभर पत्रव्यवहार केला आणि त्यांच्याकडून तशीच एक गाडी घेतली. घेतल्यावर स्वतःलाच हुकूम दिला: नंबर मिळेपर्यंत त्या जागेवर बसायचं नाही.

मग ती बंदरावर अडकली. कशामुळे? एका जुन्या कागदावर रंग निळा लिहिला होता आणि गाडी हिरवी निघाली. मास्तरांनी स्वतःच्या हातानं रंग दिला होता, तसं पत्रात लिहिलं होतं, पत्र आम्ही दाखवलं. पत्र चालत नाही, तिकडच्या कचेरीचा दाखला आणा. दाखला आला तर त्यावरचा शिक्का पुसट. नवा शिक्का येईपर्यंत गाडी उघड्या आवारात, फाटक्या छपरानिशी, अख्खा पावसाळा भिजत उभी. कुणाला विचारलं की बोट दुसऱ्या खिडकीकडे. त्या खिडक्यांसमोर हातात टोपी घेऊन उभे असलेले काका पाहिले आणि गाडीविषयीची माझी शरम संपली. मी अर्जांवर अर्ज लिहिले. अन्याय होतोय असं दिसलं की माझं असंच होतं, मग तो माणसावर असो की लोखंडावर.

गाडी घरी आली आणि काकांनी डावं दार उघडलं, ते हातातच आलं. सोमवारी तपासणी होती. जुन्या मोटारींना वेगळा नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपातच असली पाहिजे अशी अट. 'सांगाडा, बॉडी व इंजिन यांत कोणताही बदल केलेला नाही' असा अर्ज मी आधीच भरून ठेवला होता. तो माझ्या पिशवीत होता, आणि आम्ही दुरुस्तीला निघालो होतो. यातली विसंगती मला तेव्हा दिसली नाही. दुसऱ्यांची मला लगेच दिसते.

कराडपर्यंत हमरस्ता, तिथून पलूस-तासगावचा रस्ता. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे मागे, प्रत्येक खड्ड्याला मागच्या काचेतून गाडीकडे बघत. तासगाव जवळ आलं तसा रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरव्या जाळीचे बेदाणा शेड (द्राक्षं सावलीत सुकवायचे मांडव) सुरू झाले. आंबटगोड वास टेम्पोत शिरला. बाळू म्हणाला, "सुभेदार, तुमची गाडी अशी सावलीत ठेवली असती, तर हे दिस आले नसते." काका नुसते हसले. बंदरावरच्या खिडक्यांनंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

कुपवाडला पोचलो तेव्हा कारखान्यांची पाळी बदलत होती, रस्ताभर दुचाक्या. कलगोंडाअण्णांचं लेथचं छोटं वर्कशॉप काकांच्या एका जुन्या सोबत्यानं सुचवलं होतं. दाराच्या बिजागरीचा खिळा झिजला असेल, नवा करून घ्यावा, एवढाच आमचा बेत. अण्णांनी खिळा काढून बोटांत फिरवला, परत दिला, आणि स्क्रू ड्रायव्हर दाराच्या खांबाला टेकवला. तो शेंगदाण्याच्या लाडवात जावा तसा आत गेला.

"सुभेदार, ह्यो रोग लोखंडाचा न्हाई. पत्र्याच्या आत लाकूड हाय, आनि ते कुजलंय."

"लाकडाची मोटार?" बाळू ओरडला. "आमच्या आज्याची बैलगाडीबी अशीच हुती की!"

"तुझ्या आज्याची पावसात सडली न्हाई," अण्णा म्हणाले. "ती वापरात हुती, गड्या."

मग अण्णांना इंजिन ऐकायचं होतं, म्हणून गाडी फळ्यांवरून खाली उतरवली. काकांनी दाराबाहेर उभं राहून आत हात घातला. एकदा खोकलं, दुसऱ्यांदा धरलं. लेथच्या घरघरीची सवय असलेली माणसं आसपासच्या शेडमधून हात पुसत बाहेर आली आणि गाडीभोवती उभी राहिली. मी मोटारींवर प्रेम करणारी नाही. पण तो आवाज खोल होता आणि समजूतदार होता, आणि काकांचा चेहरा बघवत नव्हता इतका उजळला होता.

"आवं, बसा की आत! एक गेर टाका, ह्या गल्लीत कोन इचारतंय?" अण्णा म्हणाले.

"न्हाई," काकांनी इंजिन बंद केलं. "आजून न्हाई."

अण्णांनी पुन्हा आग्रह केला नाही. "सुताराकडं नेऊ नका," ते म्हणाले. "सुतार घराचं दार करंल. ह्यात सगळं लाकूड वाकडं हाय. मिरजंला सतारवाल्याकडं न्या."

मिरजेच्या त्या गल्लीत घराघराच्या ओट्यावर सुकलेले भोपळे रचलेले होते आणि हवेत लाखेचा वास. चाचा, म्हणजे आम्हाला ज्यांच्याकडे पाठवलं होतं ते साठीतले कारागीर, टेम्पोकडे बघून आधी चिडलेच. "मी तंबोरे करतो. गॅरेज पुढं हाय." मग काकांनी बॉनेटचा पट्टा सोडला आणि दार उचलून धरलं. चाचा ओट्यावरून उतरले. बोटाच्या पेरानं खांब वाजवायला लागले, वरून खाली, कान जवळ नेऊन. एका जागी आवाज बदलला. तिथे त्यांनी खडूनं रेघ मारली.

"हितनं खाली मेलंय. वर जिवंत हाय. मेलं तेवढंच काढायचं."

सागवान घाला, टिकेल, असा सल्ला मी दिला. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "सागवान तेलकट, बाई. चिकटवायचा सरस धरत न्हाई. तून घालतो (तून म्हणजे सतारीच्या दांडीचं लाकूड), माझ्या बापानं आणलेलं, चांगलं वाळलेलं."

तीन दिवस लागले. एका रुग्णालयासमोरच्या लॉजवर आम्ही राहिलो. तिथे सगळे पेशंटचे नातेवाईक. जिन्यावर, नळावर, प्रत्येक जण पहिलं तेच विचारायचा. जतकडची एक बाई डब्यासाठी भाकरी बांधताना काकांना म्हणाली, "पेशंट कोन तुमचा?"

"गाडी," काका म्हणाले.

मला वाटलं बाई हसेल, नाहीतर रागावेल. तिनं भाकरी फडक्यात गुंडाळली. "बरी हुईल," म्हणाली, आणि आमच्यापुढेही एक ठेवली, वर ठेचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी नवा तुकडा जुन्याला असा बसला होता की नखाला सांधा लागेना. दार बंद केलं की हलकासा 'ठप' असा आवाज यायचा. काकांनी ते दहादा तरी उघडलं आणि लावलं. आता आतून फळी बसवायची तेवढी राहिली होती. चाचांनी कानावरची पेन्सिल काढली आणि खांबावर लिहायला लागले: स्वतःचं नाव, गाव, तारीख, आणि 'खालून वीतभर नवं तून, बाकी मूळ.'

माझ्या पिशवीतला अर्ज मला आठवला.

"चाचा, हे लिहू नका."

"का?"

"सोमवारी तपासणी आहे. फळी उघडली तर नंबर मिळणार नाही. नाही लिहिलं तर कुणालाही कळणार नाही."

चाचा उठले आणि कोपऱ्यातला एक उघडा तंबोरा घेऊन आले. तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी झाकणी, काढलेली. आत, पोटात, तीन नावं होती, एकाखाली एक; सगळ्यात वरचं शाईचं, जवळजवळ पुसलेलं. "हे माझ्या आज्याचं. हे ज्यानं नंतर उघडला त्याचं. हे माझ्या बापाचं. आमच्यात उघडलं की लिहायचं. पुढं जो उघडंल त्याला कळाय नको, कुठलं कुणाचं?"

"हा तंबोरा नाही. इथे एका माणसाचं आयुष्य अडकलंय!" माझा आवाज चढला. "त्या लोकांनीच भिजवली, त्या लोकांनीच कुजवली, आणि आता खरं बोलायचं ते आम्ही?"

चाचा शांत होते. "बाई, तुमी पत्रकं काढता म्हनं. खाली नाव टाकता का?"

"टाकते."

"का टाकता? न टाकता चालंल की."

मी काकांकडे पाहिलं. ते मला थांबवतील किंवा चाचांना, असं वाटलं. ते सुभेदाराच्या आवाजात एवढंच म्हणाले, "लिहा चाचा. ठळक लिहा." चाचांनी ओळ पुरी केली आणि फळी बसवली.

परतताना बाळूनं तासगावच्या अलीकडे एका बेदाणा शेडपाशी टेम्पो थांबवला. शेडवाल्यानं गाडी बघायच्या बदल्यात ओंजळभर बेदाणे दिले. मी टेम्पोच्या सीटवर पिशवी उघडली आणि अर्ज काढला. 'कोणताही बदल केलेला नाही.' अक्षर माझं, ठाम, वळणदार. वड कुणाच्या सहीनं तोडले असं विचारणारी मी, आणि खोटं लिहायला मला कुणी सांगितलंसुद्धा नव्हतं.

"नंदा, नवा कागद हाय का?" काकांनी विचारलं.

"आहे."

"मग लिही. चाचांनी लिहिलंय तसंच."

मी पहिला अर्ज फाडला. गुडघ्यावर पिशवी ठेवून दुसरा लिहिला. काका एकेक बेदाणा खात रस्त्याकडे बघत राहिले.

सोमवारी काका इस्त्रीचा सदरा घालून गाडीशेजारी सावधान उभे. तपासणीला आलेले अधिकारी तरुण होते, वाईट नव्हते. दार उघडलं, लावलं, पुन्हा लावलं. "हे फारच छान बसतंय," ते म्हणाले. काकांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि कुणी न सांगता फळी उघडली. अधिकाऱ्यांनी वाकून वाचलं. "हे मला लिहावं लागेल, सुभेदार." "लिहा," काका म्हणाले.

उत्तर आलं तेव्हा रस्त्यावरच्या ट्रॉल्या बंद झाल्या होत्या, साखर कारखान्यांचा हंगाम संपला होता. एकाच ओळीचं पत्र: बॉडीत बदल, मूळ स्वरूप नाही, अर्ज नामंजूर. कुणामुळे कुजली याचा एक शब्द नाही. वीतभर लाकडासाठी! चारशे शब्दांचं पत्रक माझ्या डोक्यात तिथल्या तिथे तयार झालं.

काकांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, अंगणात गेले. गाडीवरची चादर काढली. मला वाटलं, आता तरी ते त्या जागेवर बसतील. बसले असते तर मी एक अक्षर बोलले नसते. ते खाली बसले, जमिनीवर, दाराशी. फळी उघडली आणि माझ्याकडे पेन्सिल मागितली.

त्या प्रवासात मी अडीचशेहून जास्त किलोमीटर ज्या गाडीच्या पुढे बसून गेले ती गाडी कशी चालते हे मला अजून माहीत नाही. काकांनाही नाही. पण चूक झाली, नुकसान झालं, दुरुस्ती झाली, तर ते कुठे लिहायचं असतं, हे मी मिरजेच्या एका ओट्यावर शिकले, आणि शिकवणाऱ्याशी भांडून शिकले.

चाचांच्या ओळीखाली काकांनी लिहिलं: 'साताऱ्यात तपासणी. नामंजूर.' खाली तारीख, खाली स्वतःचं नाव.

"आता तू अपील लिही," ते म्हणाले. "पहिल्याच ओळीत लाकडाचं लिही, मग पावसाचं. आनि खाली नाव टाक."

"कुणाचं?"

"लिहिनाऱ्याचं."

फळी लावण्याआधी त्यांनी खांबावर पेन्सिल पुन्हा एकदा टेकवली आणि आपल्या नावाखाली एक आडवी रेघ ओढली. रेघेखाली अजून एका ओळीपुरती जागा होती. ती त्यांनी बोटानं पुसून स्वच्छ केली, आणि दार लावलं. ठप.