एकही पान न बदलता

पत्त्यांतल्या चित्राच्या पानांचा इतका तिटकारा असलेला माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. झरीच्या शाळेतले माझे सहकारी गुरुजी हातात राजा आला की विंचू आल्यासारखा टाकून द्यायचे. मधल्या सुट्टीत चिंचोके लावून आम्ही जो डाव खेळायचो, त्यात ज्याची पाच पानं सगळ्यांत हलकी, म्हणजे ज्याचं मोठं पान सगळ्यांत लहान, तो जिंकायचा. जोडी लागली की मेलाच. पानं बदलायची संधी एकदाच. एक बदलू की दोन, या विचारात गुरुजींच्या डब्यातली भाकरी वाळून जायची. ही खोड बाजारापर्यंत गेली होती. पाच वांगी घ्यायची, न्याहाळायची, दोन परत द्यायची. भाजीवाली वैतागायची, "गुर्जी, वांगी घ्यायलाव का सोयरीक जमवायलाव?" हलकी पानं नसताना थाप मारायला गेले की गुरुजींचे कान लाल व्हायचे. मी मात्र थाप मारतच नाही, अशी त्यांची पक्की समजूत. म्हणून मला भिऊन डाव सोडला तरी माझी पानं कधी बघायचे नाहीत. म्हणायचे, "झडती घेतल्यावानी वाटतं ते."

मग शाळेचा पट घटला आणि आमच्यातल्या एकाला पालमच्या पलीकडं जाणं आलं. दोघं एकाच दिवशी रुजू झालेलो. वरून निरोप आला, तुमचं तुम्ही ठरवा. गुरुजींचे वडील भ्रमिष्ट झालेले. लेकाच्या हातचाच घास घ्यायचे, गावाबाहेर नेलं की बिथरायचे. माझी अडचण एवढीच, की नुकत्याच दोन खोल्या बांधल्या होत्या. तरी "एक डाव टाकू, हरेल त्यानं जायचं" असं मीच म्हणालो.

मला दोन राण्या आल्या. "मला बदल नको," मी शांतपणे म्हणालो. न बदलणारा म्हणजे पक्क्या हाताचा. गुरुजी माझ्या तोंडाकडं बघत राहिले. "तुमी थांबले म्हंजे सत्तीच्या आत असणार, मास्तर. माझी अठ्ठी टिकायची न्हाई." त्यांनी अठ्ठी टाकून नवं पान उचललं. राजा निघाला, तशी त्यांनी पाचही पानं उघडीच खाली टाकली. तरीही त्यांच्याकडं जोडी नव्हती. माझी पानं उघडली असती तर तेच जिंकत होते. पण सवयीप्रमाणं त्यांनी माझी पानं न बघता गड्डीत मिसळली आणि म्हणाले, "जातो मी."

वडील गावातच, गुरुजींच्या बहिणीकडं राहिले. तिच्या हातचं त्यांनी फारसं खाल्लं नाही. वर्षही काढलं नाही.

मागच्या महिन्यात एसटीनं पालम गाठलं आणि स्टँडवरच गुरुजींना सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, चिडतील.

"राजा आला तरी मीच?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच."

मग म्हणाले, "बापाची आठवण आली की मी मनाला सांगायचो, काय करता, पानच तसं आलं. आता काय सांगू, मास्तर?"

त्यांनीच दोन चहा सांगितले, आणि माझी गाडी लागेपर्यंत स्टँडवरच्या बाकड्यावर शेजारी बसून राहिले.