मागायच्या आत

माहेरी तिला भिंगरी म्हणत. लग्नानंतर नवऱ्यानेही तेच नाव चालू ठेवलं, कारण दुसरं कुठलं तिला शोभलंच नसतं. एकदा त्याचा फोन तिच्या ऑफिसात स्पीकरवर लागला आणि तिथेही ती भिंगरीताई झाली. लिफ्टच्या कंपनीत नोकरी करून ही बाई चौथ्या मजल्यावर जिन्याने जायची. लिफ्टची वाट बघत उभं राहणं तिच्या पायांना जमत नसे.

घरात कुणाला तहान लागायच्या आत तिचा पेला पुढे यायचा. त्या दिवशी सकाळी तिने लेकीच्या दप्तरात सोललेलं संत्रं डबीत भरून ठेवलं. लेकीने ती डबी बाहेर काढून टेबलावर ठेवली.

"आई, मी मागितलं होतं का?"

नवरा बुटाची नाडी बांधत म्हणाला, "तिला मागायला उसंत तर दे, भिंगरे."

एरवी तिने दोघांनाही चार शब्द सुनावले असते. पण आज डोक्यात दुसरंच भुणभुणत होतं.

वर्षभर खपून तिने एक लायब्ररी लिहिली होती. पुस्तकांची नव्हे. लिफ्टच्या दोरांची घरघर मोजून कुठला दोर झिजत चाललाय ते आधीच सांगणाऱ्या हिशेबांचं ते एक गाठोडं होतं. ते एका जागी ठेवायचं आणि कंपनीतल्या ज्या प्रोग्रामला लागेल त्याने वापरायचं. प्रोग्रामची आणि गाठोड्याची गाठ घालून देणारा तो लिंकर. तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो मुकाट्याने गाठ घालायचा. नव्या सर्व्हरवर मात्र दोन दिवस एकच पालुपद लावून बसला होता: या नावाचं काही सापडत नाही. आणि खाली लाल अक्षरांत नावं कुणाची, तर तिने स्वतः लिहिलेल्या फंक्शनांची. पोटच्या पोरांना कुणी दारातूनच 'कोण तुम्ही?' म्हणावं, तसं तिला झालं.

साहेबांनी कालच सांगून टाकलं होतं की उद्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत जमलं नाही तर बाहेरची तयार लायब्ररी विकत घ्यायची. तुमचं काम वाईट आहे असं नाही, मॅडम, असंही ते वर म्हणाले होते. ते वरचं वाक्यच तिला जास्त लागलं होतं.

सकाळपासून तिने सगळं तपासलं. लायब्ररीची फाईल जागेवर होती. कुठल्या फोल्डरात शोधायचं ते लिंकरला सांगितलेलं होतं. फाईल उघडून आतल्या नावांची यादी काढली, तर एकूण एक नाव हजर, स्पेलिंगसकट. काखेत कळसा असताना हा मेला गावाला वळसा का घालतोय, तेच कळेना. ती उठली, खिडकी उघडली, लावली, शेजारच्याची बाटली भरून आणली, पुन्हा तीच कमांड दिली. पुन्हा तीच लाल नावं.

बाटली शेजारच्या दाढीवाल्याची होती. चाचणी विभागातला हा माणूस बोलायचा कमी आणि वाचायचा बोट लावून. बाटली आधीच भरलेली होती, असं त्याने सावकाश सांगितलं आणि खुर्ची ओढून तिच्या पडद्यासमोर बसला.

तो कमांड डावीकडून एकेक शब्द वाचू लागला. तिचा पाय टेबलाखाली शिवणयंत्र चालवल्यासारखा हलत होता.

"वाचा ना जरा भरभर."

"लिंकरपण असाच वाचतो, ताई. डावीकडून उजवीकडे, एकदाच. मागे वळून बघत नाही." बोट थांबलं. "तुमची लायब्ररी प्रोग्रामच्या आधी का लिहिलीय?"

"आधी असलेली बरी. त्याने मागायच्या आत हाताशी—"

ती मध्येच थांबली. टेबलावर राहिलेली ती डबी तिच्या डोळ्यांसमोर आली.

लिंकरला ओळीत सगळ्यात आधी तिचं गाठोडं भेटत होतं. तोवर कुणी काही मागितलेलंच नव्हतं, म्हणून तो ते बाजूला टाकून पुढे जात होता. मग प्रोग्राम यायचा, ही ही नावं हवीत म्हणायचा, आणि देणारा केव्हाच मागे पडलेला. तिचा जुना कॉम्प्युटर भिडस्त होता, दिलेलं ठेवून घ्यायचा. नवा सर्व्हर लेकीवर गेला होता.

तिने लायब्ररीचं नाव उचललं आणि ओळीच्या अगदी शेवटी, प्रोग्रामच्या मागे नेऊन ठेवलं. लाल नावं गेली.

पण प्रोग्राम चालू केला तर लगेच आडवा पडला. आता म्हणे लायब्ररीची फाईलच मिळत नाही. जेवणाची सुट्टी व्हायला आली होती आणि जिन्यावर साहेबांच्या चपला वाजत होत्या.

"लग्न लागलं," दाढीवाला म्हणाला, "पण सासरचा पत्ता कुणाला दिलाच नाही."

खरंच होतं. गाठ घालताना दाखवलेली जागा प्रोग्राम चालताना कामी येत नाही, ती सर्व्हरच्या नोंदीत वेगळी घालावी लागते. हे तिला पाठ होतं, घाईत राहिलं होतं. तिने लायब्ररीच्या फोल्डरची नोंद केली आणि पुन्हा चालवलं. साहेब मागे येऊन उभे राहिले तेव्हा पडद्यावर कुठल्याशा लिफ्टच्या दोराची घरघर रेघ होऊन सरकत होती.

त्यांनी ती बराच वेळ पाहिली. मग बाहेरच्यांना नको म्हणून कळवतो, एवढंच म्हणाले आणि गेले.

खूश होऊन तरी ती जागेवर बसेल, असं दाढीवाल्याला वाटलं असावं. ती उठून त्याच्यासाठी चहा आणायला निघाली, दारापर्यंत गेली, परत फिरली.

"चहा हवाय?"

"आता विचारलंत, तर हवाय," तो म्हणाला.

संध्याकाळी लेक घरी आली, दप्तर टाकलं, बूट काढले, फोन बघत बसली. भिंगरी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत राहिली. नवऱ्याने दोनदा वर पाहिलं आणि तब्येत बरी आहे ना, असं विचारलं.

"आई, खायला काही आहे का गं?" लेकीने मान वर न करता विचारलं.

भिंगरीने पाठीमागचा हात पुढे केला. संत्रं सोललेलंच होतं.