गंगाधरकाकांचा अ‍ॅम्प्लिफायर

गंगाधर साटविलकर गिरणीत वायरमन होते. पंचावन्नाव्या वर्षी काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. त्याआधी त्यांनी स्वतःच्या हाताने एक अ‍ॅम्प्लिफायर बांधला होता. लालबागच्या चाळीत माझी खोली त्यांच्या शेजारी. रोज सकाळी काका रेकॉर्ड दोन तळव्यांत धरून त्याला जोडलेल्या रेकॉर्ड प्लेअरवर ठेवायचे आणि सुई हव्या त्या गाण्यावर उतरवायचे. बाकी प्रत्येक गोष्टीसाठी त्यांना कुणाला तरी हाक मारावी लागे, यासाठी नाही.

चाळीच्या जागी टॉवर झाला, आम्ही पुन्हा शेजारीच आलो. काका आठ दिवस भाचीकडे मालवणला गेले होते. तेवढ्यात मुलगा अवधूतने जुनं सगळं भंगारात दिलं आणि हॉलमध्ये नवी साउंड सिस्टम बसवली. परत आल्यावर काका सरळ अ‍ॅम्प्लिफायरच्या कोपऱ्याकडे गेले. हात भिंतीला लागला. ते भिंतीवरून हात फिरवतच राहिले. अवधूतने समजावलं की आता बटणं नाहीत, तोंडाने सांगायचं, आंधळ्या माणसाला तर हे बरंच.

पण दात गेलेले, बोली मालवणी. काका गाण्याचं नाव तीन-तीनदा सांगत आणि आतली बाई गोड आवाजात म्हणे, "माफ करा, समजलं नाही."

सत्यनारायणाला पाहुणे जमले, तेव्हा सून प्राचीने काकांना मुद्दाम हॉलमध्ये आणून बसवलं. "बाबा, सांगा ना तिला एक गाणं." काकांनी सांगितलं. तेच उत्तर आलं. पुन्हा सांगायला लावलं. पाहुणे हसले. मीही हसलो. हसू कुठून येतंय तिकडे काका मान वळवत होते. माझ्याकडे वळली तेव्हा मी गप्प झालो.

दुसऱ्या दिवशी घरी कुणी नसताना त्यांनी स्क्रूड्रायव्हरने स्पीकर उघडला. मी नंतर विचारलं तर म्हणाले, "आत काय आसा ता बघूचा होता. एक पट्टी निघाली. हाताक वायर नाय, बटान नाय, काय्येक लागूक नाय."

घरातल्या कॅमेऱ्याने ते अवधूतला मोबाईलवर दाखवलं. तो ऑफिसातून तडक आला. भिंतीपलीकडून मला एवढंच नीट ऐकू आलं: "दिसत नाही, कळत नाही, मग हात कशाला लावता?"

उघडलेल्या स्पीकरच्या जागी नवा आणून त्याने छतालगत टांगला आणि फक्त स्वतःचा व प्राचीचा आवाज ओळखेल असा लावून घेतला. काका जुने वायरमन, वीजच बंद करतील म्हणून मेन स्विचच्या पेटीलाही कुलूप घातलं.

आता प्राची कामावर जाताना कसला तरी मंत्र लावून जाते. तो एकच, संध्याकाळपर्यंत. परवा काकांनी दार उघडून मला हाक मारली, हा बंद करायला तू सांगून बघतोस का म्हणाले. मी आत जाऊन वर बघत दोनदा सांगितलं. मंत्र चालूच राहिला. काकांनी मान हलवली, आणि मी माझ्या घरी आलो.