अजिनाथचा कोर्स कधी फिटणार?

पोरगा काय करतो, असं लंकाबाईला कुणी विचारलं की ती आधी पदर सावरायची आणि मग सांगायची, "विलेक्ट्रिशन हाय. नगरला दोन वर्साचा कोर्स केलाय."

शेजारी बसलेला तिचा नवरा श्रीमंत लगेच पुढचं जोडायचा, "केलाय. पर फिटला न्हाई आजून."

आता ह्या माणसाचं नाव श्रीमंत कुणी ठेवलं ते देव जाणे. पाथर्डीच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला त्यांची वस्ती. तिथं नाव श्रीमंत असो नाहीतर राजा असो, दसरा झाला की ट्रॅक्टरमध्ये बसून श्रीगोंद्याकडं ऊस तोडायला जायचं म्हणजे जायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. लंकाबाईनं लग्न झाल्यापासून आपला अर्धा कोयता इमानानं चालवला आणि मनाशी एकच गाठ मारली, की माझ्या पोराचा कोयता होऊ द्यायचा नाही. कोर्सची फी तिनं शेळ्या विकून भरली. त्या शेळ्या दावणीला असत्या तर आजपर्यंत किती करडं झाली असती, ह्याचा हिशेब श्रीमंत रोज भाकरी मोडताना काढायचा. त्याच्या त्या करडांना आणखी करडं होत होती. कागदावर असती तर वस्तीला जागा पुरली नसती.

बरं, पोरगं काय बिनकामाचं होतं का? छे! जळालेली मोटार नवी तार गुंडाळून भरावी तर अजिनाथनं. विहिरीवरचा स्टार्टर असो, मिक्सर असो, पंखा असो, त्याचा हात लागला की गपगुमान चालू. पण पैसे? तांब्याची तार लागली तर तेवढे तारेचे घ्यायचा. मजुरीचं नाव निघालं की ह्याची मान खाली. "ऱ्हाऊ द्या वो काकी. च्या टाका." काकी चहा टाकायची, मावशी चहा टाकायची, आजी चहा टाकायची. संध्याकाळी घरी आला की त्याला भूकच नसायची. तेवढीच काय ती कोर्सची कमाई, असं श्रीमंत म्हणायचा.

शेवटी श्रावणात श्रीमंतनं निकाल लावला. "लोक कमावत्यालाच पोरगी देत्यात. दसऱ्यापातूर याची सोयरीक जमली तर कोर्स फिटला, मला कबूल. न्हाई जमली तर चल म्हनावं आपल्यासंगं फडात. सर्टिफिकेट असलेला मानूस ऊस तोडायला चालत न्हाई, आसं मुकादम कंदी बोललेला न्हाई."

 लंकाबाईनं नातेवाइकांना फोन करून करून कान गरम केले आणि भादव्यात एक स्थळ आणलंच. शेवगावकडचा वैजनाथ. त्याची पिठाची गिरणी, आणि गिरणीवर पैसे घ्यायला त्याची पोरगी पंकजा. वैजनाथ आधी एकटाच घर बघायला येणार होता आणि त्यानं मध्यस्थाला सांगून ठेवलं होतं, "घर पत्र्याचं आसलं तरी चालंल. पोराच्या हातात रोकडा दिसला पायजे."

रोकडा! झालं, लंकाबाईचं डोकं चालायला लागलं. आणि तिचं डोकं चाललं की काहीतरी आक्रीत ठरलेलंच.

तिनं कुणालाही न सांगता डाळीच्या डब्यातून दोनदोनशेच्या तीन नोटा काढल्या. एक शेजारच्या बनुबाईला दिली, एक पलीकडच्या चांगुणाला, एक कानिफनाथला. "पाव्हना च्या प्यायला बसला की येकेकानं यायचं. अजिनाथला म्हनायचं, ही तुझी मजुरी. नोट हातात ठिवायची नि सरळ घरी जायचं. जास्ती बोलायचं न्हाई." तिघांनीही मान डोलावली. त्या वस्तीत जास्ती न बोलणारं माणूस अजून जन्माला यायचंय, हे मात्र ती विसरली.

वैजनाथ आला. गादीवर बसला, पोहे खाल्ले, चहाची बशी तोंडाला लावली, तोच कानिफनाथ दारात हजर. "अजिनाथ, परवा मोटार भरलीस त्याची मजुरी घे." त्यानं नोट पुढं केली. लंकाबाईनं मनातल्या मनात देवाला नारळ कबूल केला. अजिनाथ बावचळला. "आवो काका, मी कुठं मागितली?" तोवर कानिफनाथचा जन्माचा स्वभाव जागा झाला. बाजारात मेथीची जुडी घेतानासुद्धा घासाघीस केल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नाही. "दोनशे म्हंजे लई व्हत्यात रं. दीडशे घे. पन्नास माघारी दे." आणि खरंच पन्नास घेऊन गेला की! लंकाबाईच्याच नोटेतले.

ती चुलीपाशी दात-ओठ खात होती तेवढ्यात बनुबाई मिक्सर घेऊन आली. अजिनाथनं मिक्सर लावून बघितला, तर छान चालत होता. "याला काय झालंय, मावशी?"

"काय न्हाई झालं. पर तू पैसे घे."

"पैसे कशाचे?"

"आता मला काय ठावं! घे म्हनलं तर घे की मुडद्या!"

वैजनाथनं बशी खाली ठेवली. आणि बनुबाईच्या मागं चांगुणा उभीच होती. भोळी बिचारी. तिनं अजिनाथकडं बघितलंच नाही, सरळ चुलीपाशी गेली आणि भर पाहुण्यात म्हणाली, "लंके, तुझी नोट तुला. मी सकाळधरनं देतीया, तुझं पोरगं घेतच न्हाई."

 लंकाबाईला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. श्रीमंत पत्र्याकडं बघत बसला.

वैजनाथनंच विचारलं, "का रं पोरा? काम करतोस, मग पैसे का घेत न्हाईस?"

अजिनाथ पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाला, "मामा, आई-दादा फडावर असायचे तवा मी हितंच शाळंला ऱ्हायचो. सकाळची भाकर बनुमावशीकडं, रातची चांगुणाकाकीकडं. ताप आला तर कानिफकाका खांद्यावर घिऊन डाक्टरकडं. त्यांनी कंदी मजुरी मागितली न्हाई. मग मी कुठल्या तोंडानं मागू?"

 दर साली सहा महिने आपलं लेकरू कुणाच्या चुलीवर जेवतंय, हे लंकाबाई फडात रोज आठवायची आणि रोज विसरायचा प्रयत्न करायची. पोरगं मात्र काहीच विसरलं नव्हतं. तिनं पदर तोंडाला लावला आणि सगळ्यांदेखत रडली. चांगुणापण रडली. बनुबाई मिक्सर पोटाशी धरून रडली.

वैजनाथ "कळवतो" म्हणून गेला. कळवतो म्हणजे नाही, हे काय सांगायला लागतं? श्रीमंतनं पोरासाठी दुसरा कोयता घासायला काढला.

पण चार दिवसांनी फोन आला, तो पंकजाचा. थेट लंकाबाईला. "मावशी, आप्पांनी समदं सांगितलं. येकच इचारते. वस्तीबाहेरच्यांकडनं तरी मजुरी घेत्यात का?"

"न्हाई गं बाई. सवयच लागलीया. हातच पुढं व्हत न्हाई त्याचा."

"मग माझा व्हतो," पंकजा म्हणाली. "सुपारी फोडा."

त्या दसऱ्याला ट्रॅक्टर आला तेव्हा नवरा-बायकोच चढले. पोरगा खालीच राहिला. वैशाखात लग्न झालं. पंकजानं रस्त्याकडेला पत्र्याचं शेड टाकून घेतलं, नवऱ्याला आत बसवलं आणि स्वतः दारात बसली. कायदा एकच. वस्तीतल्यांना मजुरी माफ, वस्तीबाहेरच्यांना रोख. पैसे दिल्याशिवाय मोटार शेडाबाहेर निघायची नाही. लोक कुरकुरले, पण त्या हाताची मोटार पुन्हा जळत नाही म्हटल्यावर पार शेवगावाहून यायला लागले.

भादव्यात खुद्द वैजनाथच गिरणीची जळालेली मोटार टेम्पोत घालून आला. जावयानं रातोरात भरून दिली. सकाळी वैजनाथ मोटार उचलायला लागला, तर दारात पंकजा आडवी.

"आप्पा, तार नि मजुरी."

"आगं, मी तुझा बाप हाय!"

"व्हय. पर तुमी वस्तीबाहेरचे."

वैजनाथ लेकीकडं बघतच राहिला. मग त्यानं खिशात हात घातला आणि नोटा मोजून दिल्या. देताना त्याचे डोळे भरले होते आणि मिशीखाली हसूही होतं. पंकजानं नोटा घेतल्या, कनवटीला लावल्या आणि आत जाऊन बापासाठी चहा टाकला.

ओट्यावर बसलेल्या श्रीमंतनं हे सगळं बघितलं. तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. मुकादम होता, औंदाचे कोयते मोजत होता. श्रीमंतनं एकदा सुनेकडं बघितलं, एकदा लंकाबाईकडं.

"आमचा कोयता धरू नगा," तो म्हणाला. "न्हाई न्हाई, आजारी न्हाई. पोराचा कोर्स फिटला."