डोक्यावरची बटणं

लांबचं मला कायम स्वच्छ दिसायचं. मालवाहू विमानातून चंडीगडहून लेहला रसद आणि जवान पोचवायचं माझं काम. समोरची खिंड मला इतरांच्या आधी दिसायची आणि त्याचा मला भलताच तोरा होता. पण चाळिशी ओलांडली आणि मांडीवरच्या नकाशातले बारीक आकडे पुसट व्हायला लागले. मग समोरच्या वेग-उंचीच्या तबकड्याही. घरी पेपर वाचताना हात लांब जायचा, तेव्हा बायको म्हणायची, हात पुरेनासे झाले की सांगा, मी पेपर धरून अंगणात उभी राहते. मी ते हसण्यावारी न्यायचो, पण आतून चरफडायचो. चष्मा म्हणजे मेडिकल बोर्ड आणि बोर्ड म्हणजे उरलेली नोकरी टेबलामागे, अशी माझी खात्री होती. शिवाय आमच्याकडे चष्मेवाल्या वैमानिकाला ‘मास्तर’ म्हणून चिडवत. चिडवणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे.

शेवटी बायकोनेच चंडीगडच्या मराठी मंडळातल्या ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना जेवायला बोलावलं. माणूस नागपूरकडचा, मोकळा. चष्म्याने उड्डाण बंद होत नाही, बोर्डापुढे मात्र काही न लपवता उभं राहावं लागतं, हे त्यांनी आधी सांगितलं. मग एकेक पर्याय निकालात काढला. नुसता वाचायचा चष्मा घातला तर धावपट्टी धूसर. कॉन्टॅक्ट लेन्स त्या कोरड्या हवेत टोचणार, आणि जवळचं वाचायचा प्रश्न तसाच राहणार. उरला बायफोकल, पण त्याचं वाचायचं भिंग खालच्या बाजूला.

“मास्तरचं पुस्तक खालीच असते,” ते म्हणाले. “तुमचं कुठं असते, ते सांगा ना भाऊ.”

माझं डोक्यावरही होतं. विमानात कपाळाच्या वर बटणांची अख्खी फळी असते आणि प्रत्येकाखाली बारीक अक्षरं. मग बायकोने स्वयंपाकघरात मला स्टुलावर बसवलं. वरचं फडताळ म्हणजे बटणं, ओट्यावरचे डबे म्हणजे तबकड्या, मांडीवरचं ताट म्हणजे नकाशा. शिवणाची टेप माझ्या डोळ्याशी धरून ती अंतरं मोजत होती आणि डॉक्टर लिहून घेत होते. मुलगी दारात येऊन म्हणाली, “पापा को क्या हुआ?” फडताळातल्या बरणीवर बायकोच्याच अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं, ते मला वाचता येईना. माझे कान तापले.

वर एक आणि खाली एक अशी दोन वाचायची भिंगं आणि मधून लांबचं, असा चष्मा मुद्दाम करवून घेतला. बोर्डाने तो मान्य केला, फक्त दुसरा जोड कायम खिशात ठेवायला सांगितलं.

पहिल्या दिवशी मी उत्तर तयार ठेवून विमानात चढलो. कुणीही मास्तर म्हटलं नाही. उड्डाणानंतर शेजारचा सहवैमानिक नेहमीसारखा वेग, उंची, इंधन मोठ्याने वाचू लागला. हा गडी फार बडबड्या, असं मी वर्षभर समजत होतो. एकदा त्याला त्यावरून झापलंही होतं. मी म्हटलं, आता दिसतंय मला, राहू दे.

तो हळूच म्हणाला, “आदत पड़ गई है, सर. हम सब ने तय किया था.”

मागे बसलेल्या नॅव्हिगेटरने मान वळवली. त्याने माझ्या नकाशांवर आकडे ठळक शाईने गिरवून ठेवलेले असायचे, तीही मला त्याची हौसच वाटत होती. मला भयंकर शरम वाटली.

लेहला उतरल्यावर जवान आपापली बोचकी घेऊन निघाले. बहुतेक जण माझ्या डोळ्यांच्या भरवशावर वाटभर झोपले होते. त्यातल्या एकाने जाताना मला कडक सलाम ठोकला. मी हात वर केला, पण त्याच्याकडे बघण्याची माझी हिंमत झाली नाही.