मिरचीच्या वावरातली पन्नी

मिरचीच्या वावरात आम्ही मल्चिंग अंथरायचो. मल्चिंग म्हणजे प्लास्टिकची लांबलचक चंदेरी पन्नी. वाफ्यावर ताणायची, भोकं पाडायची आणि त्यात रोपं लावायची. ओल टिकते, तण उगवत नाही. तण नाही म्हणजे निंदण नाही. आमच्याकडे निंदण बायांनीच करायचं. पुरुष नांगर धरेल, फवारा मारेल, पण खुरपं घेऊन बसणार नाही. माझे गुडघे केव्हाच कामातून गेलेले, त्यामुळे ती पन्नी मला देवासारखी वाटायची. खरंच सांगते.

मिरची संपली की पन्नी ओढून काढायची असते. गेल्या हंगामात आमच्या ह्यांनी घाईत तिच्यावरूनच ट्रॅक्टरचा रोटावेटर फिरवला. तिच्या चिंध्या झाल्या. आता मूठभर माती उचलली तरी त्यात पन्नीचे तुकडे निघतात.

मग हे पवनारला नैसर्गिक शेतीच्या कुठल्याशा शिबिराला गेले आणि पेटूनच परत आले. चप्पल काढायच्या आधी सुरू, "आता वावरात पन्नी नाई म्हंजे नाई! जमीन मरून राह्यली आपली."

"मंग निंदन कोन करीन?"

"काई नाई लागत. सोयाबीनचं कुटार आथरू."

अंथरलं ते मळणीचं भुसकट. पण उन्हाळ्यात ढोरं मोकळी सोडायची गावाची रीत. ती आली आणि सगळं कुटार चारा म्हणून खाऊन गेली. मग पाऊस पडला, रोपं लागली आणि उघड्या वाफ्यांवर माजलं तण. चूक कुणाची म्हणावी? ढोरांची? मला काही कळेना. पन्नी वाईट हे पटत होतं, तिचे तुकडे मीच वेचत होते. पण तसं तोंडातून निघालं की गुडघे शिव्या द्यायचे. लोक ह्यांचं कौतुक करत. वा रे वा! नाव त्यांचं आणि वाकायचं मी?

एका सकाळी खुरपं त्यांच्यापुढे टाकलं. "जमीन तुमी वाचवून राह्यले ना? मंग तुमीच निंदा!"

"अवं, लोक हासतीन."

"हासू द्या. त्याइचेच दात दिसतीन."

आणि काय नवल, गेले! रस्त्यावरून एकजण ओरडलाच, "काऊन गा भाऊ, लुगडं घरीच इसरला का?" ह्यांनी मान वर केली नाही. मी बांधावर बसून बघत होते. हसूही येत होतं, कीवही येत होती. अर्ध्या ओळीत माणूस बसल्या जागचा उठेना. मी हात दिला. वाटलं, आता म्हणतील, जाऊ दे, पन्नीच आणू. तेच ऐकायचं होतं मला, आणि तेच नको होतं. दोन्ही एकदम कसं, देव जाणे.

ते म्हणाले, "तुये गुडघे रोजच असे दुखते?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, हे पहिल्यांदा विचारलं. मला रडूच फुटलं. रागाचं होतं की कशाचं, सांगता येत नाही.

"मंग तूच सांग," ते म्हणाले. "पन्नी आथरू का नको?"

इतके दिवस मी तावातावाने भांडत होते, आणि आता विचारल्यावर खुरपं उचलून परत त्यांच्या हातात दिलं.

"आधी ओळ पुरी करा," मी म्हणाले. "मंग सांगतो."

ते खाली बसले. ती ओळ पुरी झाली, पुढचीही झाली. मला अजून सांगता आलेलं नाही.