ज्याचं त्याचं ताट

सिस्टर आमच्या कचऱ्याच्या बादलीचं झाकण उचलायची, आत नीट बघायची आणि ती बादली माझ्या नाकासमोर धरून म्हणायची, "पाहा, हे तुमचंच आहे बरं. मी नाई आनलं."

ते आपलंच असायचं, हेच तर वाईट. कालचं वरण, त्यात भिजलेली दुधाची पिशवी, तिच्यावर केसांचा गुंता, त्यावर चहाचा चोथा, आणि एप्रिलच्या अमरावतीत दोन दिवस न आलेली घंटागाडी. सगळं वळवळत असायचं. मी शी म्हणून तोंड फिरवलं की ती बादली त्या बाजूला आणायची. तुमच्या गल्लीतही असं एखादं माणूस असेल आणि त्याला टाळायला तुम्ही फाटकाआडून वाकून जात असाल, तर आपलं जमेल.

ती जिल्ह्याच्या दवाखान्यात नर्स होती. सगळी कॉलनी तिला सिस्टर म्हणायची आणि तिच्या नवऱ्याला सिस्टरचे मिस्टर. मागच्या दाराशी रंगाचे रिकामे डबे रांगेत ठेवलेले, एक लाल, एक पिवळा, एक निळा, वॉर्डात कचरा वेगवेगळा टाकायला असतात तसे. नवरा एसटीच्या वर्कशॉपात, दोन पोरं, नुकतीच गावाहून राहायला आलेली म्हातारी आई, हिची ड्युटी आज सकाळची तर उद्या रात्रीची. एवढ्या धबडग्यात ही बाई दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर चिमटे लावून वाळवायची. मी एकदा विचारलं, वेळ कुठून आणता हो?

"वेळ नाईच ना ताई. तुमी घान करता अन् चार दिवस हुंगत बसता. मले तेवढी सवड नाई."

बोलणं हे असं. पुण्याची माझी जाऊ तिच्याशी पाच मिनिटं बोलली आणि रडकुंडीला आली.

आमच्या घरानेही हिरवं जगायचं ठरवलं होतं. मी शाळेत, नवरा बँकेत, पोरं या शिकवणीतून त्या शिकवणीत. कापडी पिशव्या शिवून घेतल्या, त्या बाजारात जाताना नेमक्या घरी राहायच्या. परसात माठ ठेवून खत करायला घेतलं, तर नवऱ्याने त्यात रविवारची मटणाची हाडं टाकली. तिसऱ्या दिवशी गल्लीतली यच्चयावत कुत्री आमच्याकडे मुक्कामाला. वासाने डोकं उठलं. सिस्टर आली, तिने कोपरापर्यंत हात घातला, एकेक हाड वेचून नवऱ्यापुढे मांडलं, वरून सुका पाला टाकला आणि हात धुऊन ड्युटीवर गेली. नवरा त्या दिवशी जेवला नाही. पण खत झालं, कढीपत्त्याने अंग धरलं, आणि आमच्या बादलीतल्या अळ्या बंद झाल्या. हे मात्र मी कबूल करते.

कॉलनीत सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की मोकळ्या प्लॉटवर स्नेहभोजन असतं. रोडगे, वांग्याची भाजी, वरण, बुंदी. दुसऱ्या दिवशी त्याच प्लॉटवर आपली लायकी पसरलेली असते. चकचकीत कागदी पत्रावळ्या, प्लास्टिकचे द्रोण, एक चावा घेऊन फेकलेले रोडगे, त्यात तोंड घातलेली डुकरं, आणि वरणाच्या वासाने अख्खा द्रोण गिळणारी गाय. आठवडाभर खिडकी उघडायची सोय नाही, ओकारी येते. आणि म्हणे सुशिक्षितांची कॉलनी.

सिस्टर दर वर्षी यावरून भांडायची. शेवटी एका वर्षी कॉलनीच्या अध्यक्षांनी जाहीर केलं की यंदा ज्याने त्याने घरून आपलं ताट आणायचं. पर्यावरण वाचवा म्हणून त्याचा भलाथोरला प्लास्टिकचा फ्लेक्सही टांगला. बैठकीत टाळ्या पडल्या. आता ही बाई खूश असेल म्हणून मी सिस्टरकडे पाहिलं. ती उठून निघून गेली.

झालं, बायकांना चघळायला विषय मिळाला. दुसऱ्याला शिकवते आणि स्वतःवर आलं की पळते. मी तडक तिच्या घरी गेले. ती मेथी निवडत होती. मान वर न करता तिने सगळं सांगितलं. आई अंजनगाव सुर्जीकडच्या एका खेड्यातली. गावात कोणाकडे लग्न असलं की यांच्या वस्तीला निरोप यायचा, जेवायला या, ताटं घरून आणा. यांचा हात आपल्या भांड्यांना लागू नये म्हणून. गोठ्यामागे बसायचं, सगळ्या गावाचं झालं की वरून टाकलेलं घ्यायचं, ताट घासून परत घरी न्यायचं.

"माय आमाले म्हने, उपाशी राहा, पन ताट घेऊन कोनाच्या दारी जेवाले जाचं नाई. अन् आता मीच तिच्या हातात ताट देऊन तिले प्लॉटवर नेऊ का, ताई?"

पुढच्या बैठकीला ती आली. आईचं अवाक्षर काढलं नाही. कॉलनीच्या वर्गणीतून स्टीलची ताटं घ्या, सगळी सारखी, कोणतंही कोणालाही, धुवायला मी बसते, एवढंच म्हणाली. नाही म्हणायला कोणाला पटकन कारण सापडलं नाही, म्हणून ते मंजूर झालं. आणि तिथे ताट मिळतं हे ऐकून तिची आई यायला तयार झाली. लेकीच्या कॉलनीत, सगळ्यांच्या रांगेत.

त्याच उन्हाळ्यात सिस्टरची अकोल्याला बदली झाली. जुन्या शहरात घर घेतलं, आता फोनही क्वचित होतो. इकडे पत्रावळ्या परत आल्या, प्लॉटवर डुकरं आली, अध्यक्ष तेच आहेत. ती ताटं कुठे गेली हे विचारलं की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. पण मला सांगायचं आहे ते त्या एका पंगतीचं.

ताटांचा ढीग टेबलावर मांडला होता. सिस्टरने पहाटेपासून उकळत्या पाण्याने एकेक ताट धुतलं होतं. लोक उचलून बसत होते. तेवढ्यात अध्यक्षीणबाईंनी हातातली मोठी बॅग उघडली आणि पॉलिथिनच्या पिशवीत गुंडाळलेलं घरचं ताट बाहेर काढलं. मग त्यांच्या जावेने काढलं. मग त्या अख्ख्या रांगेने. हायजीन हो, दुसरं काही नाही, असं हसत हसत एकमेकींना सांगणं चाललं होतं. याच बाया संध्याकाळी गाड्यावर पाणीपुरी खातात, जिथे साऱ्या गावाच्या प्लेटा एकाच बादलीत बुचकळून निघतात. तिथे हायजीन आठवत नाही. इथे ढिगातलं ताट कोणाच्या हाताने धुतलं असेल, याचा हिशोब त्यांनी घरूनच करून आणला होता. मला शिसारी आली. थू तुमच्या पर्यावरणावर, असं अगदी ओठांवर आलं होतं.

सिस्टरची आई आमच्याच रांगेत होती. नवं पांढरं लुगडं, मांडीशी ढिगातलं ताट. बोटाने ताटाची कड पुसत ती समोरच्या रांगेकडे बराच वेळ पाहत होती. मग लेकीकडे वाकली.

"काहून वं बाई, त्या लोकाइले घरून ताट आनाले सांगतलं का कोनी?"

सिस्टरच्या तोंडाला कधी लगाम नव्हता. मला वाटलं, आता ही उभी राहते आणि सगळ्यांदेखत एकेकीला सोलून काढते. मी वाटच पाहत होते. तिने समोर पाहिलं, आईकडे पाहिलं.

"सांगतलं असन माय," ती हळूच म्हणाली. "तू जेव."

माझा नवरा बुंदी वाढत होता. तो म्हातारीसमोर आला, तशी तिने ताटावर हात आडवा धरला.

"मले नको आताच, भाऊ. त्याइले अगुदर वाढा. मांगून काही उरत नाई."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. तो वळला आणि बादली घेऊन समोरच्या रांगेत गेला. आपल्यालाच पहिला मान, म्हणून अध्यक्षीणबाई खुशीत हसल्या आणि त्यांनी आपलं ताट पुढे केलं.